वरची एक

तव्यावरची भाकरी करपून काळी पडली, धूर मधल्या दारातून दुकानात आला, गादीसमोर बांगड्या भरायला बसलेली बाई खोकायला लागली, तरी माझ्या सुनेची मान वर झाली नाही. मी आत जाऊन बघते तर पिठाच्या डब्याला पुस्तक टेकवून उभं केलेलं, आणि बाईसाहेब उलथनं हवेत धरून त्यात बुडालेल्या.

मी गॅस बंद केला. म्हटलं, "वैजयंता, त्या पुस्तकातल्या फौजेची पंगत बसायची असेल तर सांग. आणखी चार जाळून ठेवते."

"आत्या, एवढं पान," ती म्हणाली. आमच्यात सुना सासूला आत्याच म्हणतात. मग तिचं लक्ष भाकरीकडं गेलं, तिनं जीभ चावली, पण दुसऱ्या हाताचं बोट पानावरून हललं नाही.

'एवढं पान' हे तिचं रोजचंच होतं. दूध उतू गेलं की एवढं पान. दळण गिरणीत विसरलं की एवढं पान. तिच्या पानाला अंत नव्हता आणि माझ्या सोसण्याला होता.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. करमाळ्यात देवीच्या माळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बांगड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं बिऱ्हाड. आम्ही कासार. लग्नाच्या चुड्यापासून डोहाळजेवणापर्यंत आसपासच्या खेड्यांतल्या बायांचे हात मीच भरले. मला लोक हौसाक्का म्हणतात. हौसाक्काच्या तोंडाला लागू नये असंही म्हणतात, आणि ते माझ्या कानावर आलेलं आहे. शाळा मी दुसरीपर्यंत केली. दुकानाची पाटी अक्षराला अक्षर जोडून वाचते. त्याच्यापुढं गेलं की डोळ्याला पाणी येतं.

कासाराच्या घरी सून बघताना तोंड मागाहून बघतात, आधी हात बघतात. वैजूचे हात बघूनच मी तिला बार्शीहून आणली. निमुळता, मऊ, घाई नसलेला हात. समोरच्या बाईचा अंगठा तळव्यात दुमडून, हाडं जरा आवळून काच अशी चढवायची की बाई बोलत राहते आणि बांगडी मनगटात जाऊन बसते. असा हात शिकवून येत नाही. पोरगी बी.ए. झाली होती, तिकडं मी कानाडोळा केला. म्हटलं, झालं असेल. सुधारेल.

सुधारली नाही. बाकीच्या सुना मंगळवारी देवीला जायच्या, ही पिशवी घेऊन वाचनालयात. किल्ल्यांची पुस्तकं, घोड्यांच्या खोगिरांची पुस्तकं, जुन्या काळी कोण काय नेसायचं, काय जेवायचं त्याची पुस्तकं, आणि वर कादंबऱ्या, एकेक विटेएवढी. कारण विचारलं तर म्हणे, "आत्या, मी लिहिते आहे."

लिहीत होती हे खरं. शिलेदाराच्या बायकोची गोष्ट होती ती, जुन्या काळची. पोरीचं नाव सगुणा, नवऱ्याचं रायाजी. लग्नाला वरीस झालं नाही तोवर रायाजी उत्तरेच्या मोहिमेवर निघतो. फौज नर्मदेपलीकडं जाते, आणि पुढं त्याचा ठावठिकाणा लागत नाही. त्याआधीची दोघांची प्रीती अशी रंगवली होती की माझ्यासारखीला हसू यावं. गढीच्या मागच्या आमराईत तो तिला घोड्यावर बसायला शिकवतो, आणि ही मुद्दाम शिकत नाही, म्हणजे रोज शिकवावं लागेल.

मला कसं माहीत म्हणाल, तर ती मला वाचून दाखवायची. सुरुवात मीच केली. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा मी माल मापाप्रमाणे लावत बसायची आणि ही कोपऱ्यात ओठातल्या ओठात पुटपुटायची. एक दिवस म्हटलं, पुटपुटायचंच आहे तर मोठ्यानं पुटपुट, झोपली नाहीस एवढं तरी कळेल. तेव्हापासून रोजचं झालं. मी कधी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. बांगड्या ओवत राहायची. एखाद्या दुपारी गिऱ्हाईक आलंच आणि वाचन तुटलं, तर त्या गिऱ्हाइकाशी मी जरा तोडून बोलायची, एवढंच.

आधी ती झपाट्यानं लिहायची. मग कुठं काय बिघडलं कोण जाणे, लिहिणं कमी आणि वाचणं जास्त होत गेलं. सगुणेनं कुंकू कशात ठेवलं हे लिहायला चार पुस्तकं. रायाजीच्या घोड्याला दाणा काय, त्याला आणखी दोन. आणि जे वाचायची ते तिच्या लिहिण्यात उमटायचं. एका दुपारी मी तिला थांबवलं.

"परवापर्यंत तुझी सगुणा रडली की पदराला नाक पुसायची," मी म्हटलं. "आज मौक्तिकं ढाळायला लागली. नवीन पुस्तक कुणाचं आणलंस?"

वैजूचे कान लाल झाले. मांडीखालून एक जाड पुस्तक निघालं.

पुढच्या आठवड्यात सगुणा कीर्तनकारासारखी बोलायला लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यात शब्दच असे आले की वैजूची स्वतःची जीभ अडखळली. मी विचारलं, ही पोरगी गढीत राहते का नाटक कंपनीत. तेव्हा ती कागद बाजूला ठेवून खरं बोलली. म्हणाली, वाचलं की त्या माणसाचे शब्द अंगात येतात आणि माझे पळून जातात. आणि नाही वाचलं तर वाटतं, आपल्याला काय कळतंय, हात उचलतच नाही.

"जेवता जेवता वाढायला उठलं की दोन्ही नीट होत नाही," मी म्हटलं. "आधी जेव, मग वाढ."

"जेवूनच घेते आहे, आत्या."

"दोन वर्षं?"

यावर ती हसली, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. पुण्याच्या एका प्रकाशकांना तिनं आधीची काही प्रकरणं दाखवली होती. त्यांनी सांगितलं होतं, बरी आहेत, दसऱ्यापर्यंत पुरी करून पाठवा, मग बघू. तो दसरा आता जवळ येत होता.

माझा मुलगा दिगंबर आठवडी बाजारांना माल घेऊन फिरायचा. सासू-सुनेत शब्दाला शब्द लागला की तो चप्पल शोधायचा. बायकोच्या बाजूनं बोलावं तर आई, आईच्या बाजूनं बोलावं तर बायको, म्हणून त्यानं एक वाक्य करून ठेवलं होतं: "बघा तुमचं तुम्ही."

मी बघितलंच. त्याला कारणही तसं घडलं.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. दोन्ही हात भरून झाले, पैसे दिले-घेतले, की डाव्या हातात आणखी एक बांगडी चढवायची. तिचे पैसे नाहीत. ती वरची एक. माझ्या सासऱ्यांपासून चालत आलेलं. ती चढल्याशिवाय बाया हात मागं घेत नाहीत आणि आम्ही हात सोडत नाही. तर भाद्रपदात एका नव्या नवरीचे हात वैजूनं भरले, पैसे घेतले, हात सोडला, आणि गादीखालचं पुस्तक काढलं. ती नवरी एसटी स्टँडवरून सासूला घेऊन परत आली. चार बायांसमोर तिची सासू म्हणाली, "हौसाक्का, तुमच्याकडची वरची एक बंद झाली का? सांगा तसं, आम्ही जेऊरला जाऊ."

माझ्या उभ्या जन्मात मला असं कुणी बोललं नव्हतं. मी त्या पोरीच्या हातात ती बांगडी स्वतः चढवली, आणि संध्याकाळी वैजूपुढं उभी राहिले. सांगितलं, घट बसायच्या आत तुझी गोष्ट संपव. संपली तर मी तोंडातून शब्द काढणार नाही, पुण्याला पाठव नाहीतर काशीला पाठव. नाही संपली, तर वाचनालयाचं कार्ड मी माझ्या हातानं परत देणार, तुझे कागद माळ्यावर जाणार, आणि तू सकाळ-संध्याकाळ गादीवर. दिगू चप्पल शोधायला लागला. वैजूनं मान हलवली. तिला माहीत होतं, मी बोलले की बोलले.

गोष्ट संपावी असं मला वाटत होतं की नाही, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पण त्या दिवसांत मी बांगड्या ओवताना चुकायला लागले. मोठ्या मापात लहान माप जायचं. डोक्यात एकच: हा रायाजी येतो का नाही.

मग पितृपंधरवडा लागला. पंधरवड्यात आमच्याकडं कुत्रं फिरकत नाही. त्या दिवसांत कोण बांगड्या भरणार. आम्ही फळ्या पुसतो, माल लावतो, नवरात्राची तयारी करतो. मी वैजूला सगळ्या कामांतून मोकळी केली. भाकऱ्याही मीच भाजायला घेतल्या, निदान खायला तरी मिळतील. म्हटलं, आता हिला सबब नाही.

आणि एका सकाळी बघते तर ही दारातून आत येतेय, पिशवी खांद्याला, आणि पिशवीत नवीन तीन पुस्तकं.

"किती राहिलंय?" मी विचारलं.

"शेवटच राहिलाय."

"मग हे काय आणलंस?"

"शेवटासाठीच," ती म्हणाली, आणि पिशवी गादीवर ठेवून माझ्यासमोर बसली. डोळे सुजलेले होते. "आत्या, रायाजीची काहीच खबर येत नाही. आला म्हणून नाही, गेला म्हणूनही नाही. मग सगुणेनं काय केलं? तिला काय वाटत होतं? मी सगळं शोधलं. घोडी किती पडली ते लिहिलेलं आहे. तोफा किती गेल्या ते लिहिलेलं आहे. मागं राहिलेल्या अशा बायका रोज उठून काय करत होत्या, हे कुणी लिहिलेलंच नाही. या तिनांत कुठंतरी असेल."

मला काय झालं ते सांगता येत नाही. अंगाचा भडका झाला एवढं आठवतं. मी पिशवीतलं वरचं पुस्तक ओढलं. म्हटलं, आण ते इकडं, आत्ता नेऊन देते. तिनं ते दुसऱ्या बाजूनं धरलं. ती सोडेना, मी सोडेना. मी जोरात हिसका दिला आणि माझा डावा हात काचेच्या कपाटाच्या कडेवर आपटला.

बारीकसा आवाज झाला. बांगड्यांच्या दुकानात तो आवाज दिवसभर होत असतो, त्यानं कुणी मान वळवत नाही. आम्ही दोघींनी वळवली.

माझ्या डाव्या मनगटात तेव्हा एकच बांगडी होती. हिरव्या काचेची, अंगावर सोनेरी ठिपका, आणि मापाला लहान, इतकी की मनगटात रुतून बसलेली. बाकी दोन्ही हातांत पितळी पाटल्या. बाया थट्टा करायच्या, हौसाक्का, गावाला मापाच्या भरता आणि स्वतःला पोरीच्या मापाची? मी म्हणायची, तुमचं माप सांगा, माझं राहू द्या. त्यावर कुणी पुढं बोलायचं नाही. माझे मालक माल आणायला फिरोजाबादेला गेले ते दिगू रांगत असताना. परत आले नाहीत. माणसं पाठवली, पत्ता लागला नाही. हे गावाला माहीत होतं, आणि माझ्यापुढं ते काढायचं नाही हेही गावाला माहीत होतं. वैजूनंही कधी विचारलं नव्हतं. शहाणी होती, नाहीतर भित्री.

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी काहीच म्हटलं नाही. मनगटावर जिथं ती होती तिथं पांढरा वळ होता, ऊन न लागलेला. मी तो वळ बघत बसले.

वैजूनं पुस्तक खाली ठेवलं. एक पानही न उघडता ठेवलं, हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं. तिनं हिरवे तुकडे एकेक करून पदरात वेचले. कपाटाखाली गेलेलाही हात घालून काढला. मग माझा हात तिनं तिच्या हातात घेतला, गिऱ्हाइकाचा घ्यावा तसा.

"आत्या," ती म्हणाली, "ही कुणी भरली होती?"

इतकी वर्षं ते माझ्या ओठांशी होतं, कुणीतरी विचारायचीच खोटी होती. मी सांगितलं. 

कासारणीला स्वतःचे हात स्वतः भरता येत नाहीत, ते दुसऱ्यानंच भरावे लागतात. माझे मालक भरायचे. मऊ आवाजाचा माणूस, भाव करतानासुद्धा कधी वर चढला नाही. निघायच्या दिवशी सकाळी माझे हात मोकळे होते, आणि दुकानात माझ्या मापाचा माल संपलेला. तोच आणायला तर ते निघाले होते. मी म्हटलं, मोकळ्या हातांनी मला दारात उभी करून जाऊ नका. तेव्हा त्यांनी सगळे खोके उलथेपालथे करून एक डझन शोधून काढलं, ते पोरीसोरींच्या मापाचं. आख्ख्या करमाळ्याला मापाच्या बांगड्या भरणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला चुकीचं माप. साबण लावला, हात आवळला, निम्म्या तिथंच वाढवल्या. मी शिव्या देत होते, ते हसत होते. म्हणाले, येताना मापाच्या आणतो, तोवर या काही निघायच्या नाहीत. मग आणखी एक उचलली आणि डाव्या हातात दाबून बसवली. म्हणाले, आणि ही वरची एक. मी म्हटलं, मी काय गिऱ्हाईक आहे का. म्हणाले, दिवसभर गिऱ्हाइकांचेच तर हात धरतो.

एवढं बोलून गाडी धरायला गेले.

बाकीच्या एकेक करून गेल्या. एक धुण्याच्या दगडावर, एक जात्यावर, एक दिगूनं लाथ मारली म्हणून. वरची एक तेवढी राहिली.

वैजू माझा हात सोडत नव्हती. मग हळूच म्हणाली, "मग तुम्ही काय केलंत, इतकी वर्षं?"

"काय केलं म्हणजे? धंदा केला."

दुसरी कुणी असती तर 'बिचाऱ्या' म्हणाली असती, आणि मग मी उठून गेले असते. ती नुसती बसून राहिली, म्हणून मी बोलत राहिले.

सांगितलं की मी रडले नाही फारशी. आधी मी भांडण तयार केलं. आले की दारातच काय काय ऐकवायचं ते. रोज त्यात भर घालायची. दिगू तापला, आणखी एक वाक्य. मालाचा पुरवठा तुटला, आणखी दोन. रात्रीची उजळणी करायची, एखादा टोमणा बोथट वाटला तर त्याला धार लावायची. काही वर्षांत ते भांडण इतकं लांब झालं की सुरुवात कुठून करायची तेच विसरले. मग भांडण राहिलं बाजूला आणि नुसत्या सांगायच्या गोष्टी साठत गेल्या. दिगूचा पहिला दात पडला. समोरचा लिंब तोडला. प्लास्टिकच्या बांगड्या आल्या, आणि बाया त्याही मागायला लागल्या, काय म्हणावं. अजून काही झालं की माझं तोंड उघडतं, सांगायला, आणि मग आठवतं.

"आणि सर्वपित्रीला?" वैजूनं विचारलं. तिनं दरवर्षी बघितलं होतं. दर सर्वपित्रीला भटजी विचारायचे, यंदा यजमानांच्या नावाचा घास काढायचा का, आणि मी नाही म्हणायची.

"गेले असतील तर मला न विचारता गेलेत, राहू देत उपाशी," मी म्हटलं. "आणि असतील, तर जित्या माणसाचा घास कावळ्याला कसा घालू?"

वैजूनं डोळे पुसले. पदराला नाकही पुसलं. मग उठली, फळीवरून एक खोका काढला, माझ्या मापाचा, आणि साबण घेऊन आली.

"पंधरवडा आहे," मी म्हटलं.

"दुकान तुमचं आहे," ती म्हणाली. माझंच तोडून बोलणं उचलून तिनं माझ्यापुढं केलं.

मी हात पुढं केला. तो ताठ झाला होता, बोटं मिटलेली. तिनं अंगठा तळव्यात दुमडला आणि म्हणाली, "आत्या, हात सैल सोडा." जन्मभर मी हे वाक्य बायांना सांगत आले. मला ते म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी हात सैल सोडला. काच कधी चढली ते कळलं नाही. दोन्ही हात भरले. मी उठायला लागले तर तिनं डावा हात पुन्हा धरला आणि आणखी एक चढवली. या खेपेला विसरली नाही.

त्या दिवसापासून ती तीन पुस्तकं दाराशी पिशवीतच पडून राहिली. ती लिहीत होती. जेवायला हाक मारली की यायची, ताटात काय आहे ते न बघता जेवायची, जायची. मला वाचून दाखवणं मात्र बंद. मीही विचारलं नाही. माझ्या नाकावर माशी बसत नाही, मी कशाला विचारू. दिगूला म्हटलं, जरा बघ, ती काय लिहितेय. म्हणाला, "बघा तुमचं तुम्ही."

सर्वपित्री आली. भटजी आले. विचारायचं ते त्यांनी विचारलं, मी म्हणायचं ते म्हटलं. कावळा आला, सासू-सासऱ्यांचा घास घेऊन गेला. दुपारी दुकानाचं अर्धं फाटक लोटून मी नवरात्राचा माल लावत बसले होते, तर वैजू कागद घेऊन आली आणि तिच्या कोपऱ्यात न बसता माझ्यासमोर, गिऱ्हाइकाच्या जागेवर बसली. मोठ्यानं वाचायला लागली.

पहिल्या ओळीपासून मला कळलं की हे कुणाच्या पुस्तकातलं नाही. सगुणा पदराला नाक पुसत होती. गढीची जमीन पिकवत होती, कुळांना दमात घेत होती, आणि रात्री रायाजीशी करायच्या भांडणाला धार लावत होती. कावळ्याचा घास तिनं नाकारला, आणि काय म्हणून नाकारला तेही होतं. बांगडी नव्हती. तिथं रायाजीनं जाताना घाईत तिच्या कंबरेच्या किल्ल्यांच्या जुडग्याला उलटी बांधलेली चिरगुटाची गाठ होती, ती तिनं कधी सोडली नाही. बांगडी तिनं माझ्यासाठी ठेवली होती. सगुणेचे केस पिकले. शेवटच्या पानावर ती संध्याकाळी गढीच्या पायरीवर बसते. वाटेनं एक स्वार येतो. जवळ येतो, तर कुणी दुसराच असतो, पाणी मागतो, पिऊन निघून जातो. आमराईत तिनं मागाहून लावलेल्या आंब्याला यंदा पहिल्यांदा मोहर धरलेला असतो. ते सांगायला सगुणा तोंड उघडते, आणि मिटते.

वैजूनं कागद मांडीवर ठेवले.

माझ्या हातातला दोरा केव्हाचा थांबलेला होता. मी माझ्या मनगटाकडं बघितलं. नव्या बांगड्या नीट मापाच्या होत्या, कुठं रुतत नव्हत्या, आणि त्यांच्याखाली तो पांढरा वळ तसाच होता.

"उद्या घट बसतात, आत्या," ती म्हणाली. आवाज दमलेला होता. "संपली."

मी खाली पडलेली बांगडी उचलून दोऱ्यात ओवली, गाठ मारली आणि म्हटलं:

"संपली नाही. चांगलं लिहिलंयस, आणि एक शब्द कुणाचा उसना नाही, म्हणून सांगते. हे सगळं खरं आहे. पण खरं मला कशाला वाचून दाखवतेस, ते मला पाठ आहे. माझ्याकडं आले नाहीत ते नाही आले, तिथं माझा इलाज नव्हता. तिच्याकडं कुठली आडकाठी आहे? सगळं तुझ्याच हातात आहे ना? घट बसू देत बसले तर. ते कार्ड तुझ्याकडंच ठेव, गादीवर मी बसते, तू आत जा आणि त्याला आण. म्हातारा आण, लंगडा आण, पण आण. आणि आल्या आल्या तिला त्याच्या गळ्यात पडू देऊ नकोस. उंबऱ्याबाहेर उभा कर त्याला, आणि ती इतकी वर्षं घोकत बसलीय ते सगळं तिला बोलू दे, पोटभर, एकही शब्द न गाळता. मग म्हणावं, घे आत."